तिघांची गाडी

मोटारींच्या शर्यतीवर मी कधी चार ओळी लिहीन असं कुणी मला पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर हातातलं लाटणं बाजूला ठेवून मी पोटभर हसले असते. मला साधी सायकलही धड येत नाही. ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले, तरी वळण आलं की माझे डोळे आपोआप मिटतात. पण घरात मुलगे असले की आईला काय काय शिकावं लागतं, हे मुलग्यांच्या आयांना सांगायला नको. थोरल्याच्या वेळी मी क्रिकेटमधला पायचीत समजून घेतला होता. धाकट्याच्या वेळी ही मोटारींची शर्यत पदरात पडली.

धाकटा पुण्याला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. सणावाराला घरी आला की रविवारी संध्याकाळी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि गाड्या बघत बसायचा. मी भाजी निवडायला शेजारी बसायची. आधी नुसती घरघर ऐकू यायची. मग हळूहळू गाड्यांचे रंग ओळखू यायला लागले, आणि एक दिवस मी विचारलं, ‘‘हा निळ्या गाडीतला सारखा मागे का राहतो रे?’’

‘‘तो लोगन सार्जंट, आई. अमेरिकेचा आहे. नवीन आहे बिचारा.’’

‘बिचारा’ म्हटलं की आपण बायका लगेच त्या बाजूच्या होतो. मीही झाले.

हा मुलगा अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा. जन्म ३१ डिसेंबर २०००चा, म्हणजे आमच्या धाकट्याच्याच बरोबरीचा. लहानपणी कार्टिंग म्हणून खेळण्यातल्यासारख्या दिसणाऱ्या बुटक्या गाड्यांच्या शर्यती असतात, त्या तो खेळायचा. खेळण्यातल्या म्हणते, पण त्यात जगज्जेतेपद असतं. २०१५ साली इटलीत कनिष्ठ गटाचं ते जगज्जेतेपद त्याने मिळवलं. १९७८ नंतर कुणा अमेरिकन माणसाला कार्टिंगचं जगज्जेतेपद मिळालं नव्हतं. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून तो युरोपात राहिला, कारण या विद्येची शाळाच तिकडे.

तिथल्या पायऱ्याही शाळेसारख्याच. फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू, आणि सगळ्यात वर फॉर्म्युला वन. या सगळ्या एका माणसाच्या गाड्या. चाकं उघडी, डोक्यावर छप्पर नाही, बैठक एकच. ती बैठकही कशी, तर चालकाच्या पाठीच्या मापाचा साचा घेऊन बनवलेली. आपण मापाचा ब्लाउज शिवून घेतो ना, तशी. दुसऱ्याला ती व्हायचीच नाही. आणि सगळ्यात वरच्या वर्गात २०२४ साली दहा संघ मिळून बैठका होत्या फक्त वीस. साऱ्या जगात वीस! आमच्या धाकट्याच्या परीक्षेला निदान काहीशे जागा तरी होत्या.

सार्जंट त्या जिन्यावर काही धडाधड चढला नाही. २०१९ साली फॉर्म्युला थ्रीमध्ये तो एकोणिसावा आला. त्याच वर्षी, त्याच स्पर्धेत आपला मुंबईचा जेहान दारुवाला तिसरा आला होता. पुढच्या वर्षी, २०२०मध्ये, सार्जंटला चांगला संघ मिळाला आणि चमत्कार झाला. मोसमाची शेवटची शर्यत इटलीत मुजेलोला होती. त्या दिवशी सकाळी सार्जंट आणि ऑस्कर पियास्त्री या दोघांचे गुण सारखे होते, १६० आणि १६०. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत दुसरी एक गाडी याच्या गाडीवर आदळली. खेळ संपला. मोसमाअखेर चार गुणांच्या फरकाने तो तिसरा राहिला. पियास्त्री जिंकला, आणि आज तो फॉर्म्युला वनमधला बडा चालक आहे.

धाकट्याने हे सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला होता. त्याचीही मुख्य परीक्षा एकदा थोडक्याच गुणांनी हुकली होती. मी भाजी निवडत राहिले. काय बोलणार?

पुढच्या वर्षी पैशांची ओढाताण होऊन सार्जंट त्याच वर्गात, पण साध्या संघातून खेळला. २०२२ साली फॉर्म्युला टूमध्ये मात्र त्याने इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची मुख्य शर्यत जिंकली, वर्षाअखेर चौथा आला आणि २०२३ला विल्यम्स संघाने त्याला फॉर्म्युला वनच्या गाडीत बसवलं. जेहान दारुवालाही २०२२मध्ये त्याच फॉर्म्युला टूच्या पायरीवर होता. त्याला वरचं दार उघडलं नाही, तो पुढे २०२३-२४च्या मोसमात विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत उतरला. एकाच पायरीवर उभी असलेली दोन मुलं, एकाला बोलावणं येतं आणि एकाला नाही. पण बोलावणं आलेल्याचं पुढे काय होतं, ते कुणी विचारत नाही. लग्नघरातल्या वरातीनंतर नव्या सुनेचं काय होतं, ते तरी कोण विचारतं?

नव्या सुनेची उपमा मी उगीच देत नाही. सार्जंटच्या जोडीला अलेक्झांडर आल्बन हा मुरलेला गडी होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी पुढेमागे उभं राहण्यासाठी वेळ नोंदवतात, त्यात २०२३च्या बावीसच्या बावीस वेळा आल्बनच त्याच्या पुढे राहिला. वर्षभरात आल्बनचे सत्तावीस गुण झाले, याचा एक. खरं ते सांगायला हवं. पोर कमी पडत होतं. गाडी ठोकतही होतं. कतारच्या शर्यतीत तर भयंकर उकाडा, त्यात हा त्याच आठवड्यात आजारी पडलेला. अंगातलं पाणी संपून अर्ध्यातून उतरावं लागलं.

तो एक गुण कसा मिळाला, ते मात्र माझ्या चांगलं लक्षात आहे. २०२३ची नवरात्र होती. अमेरिकेतली शर्यत म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र. धाकटा जागून झोपला तेव्हा सार्जंट बारावा होता आणि गुण मिळतात पहिल्या दहांना. सकाळी खंडेनवमी. मी विळी, कातर, पाटा-वरवंटा मांडून हळदकुंकू वाहत होते, तोच हा आतून ओरडत आला, ‘‘आई, दहावा झाला!’’ पुढच्या दोघांच्या गाड्या तपासणीत नियमाबाहेर निघाल्या होत्या, त्यामुळे हा दोन पायऱ्या वर सरकला. १९९३नंतर, म्हणजे तीस वर्षांनी, अमेरिकन चालकाला फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळाला. तोही स्वतःच्या देशात. मी पूजेतल्या पेढ्याचा तुकडा धाकट्याच्या हातावर ठेवला. कुठला कोण फ्लोरिडाचा मुलगा, आणि पेढे आमच्या स्वयंपाकघरात!

आता सांगते ते होळीचं. २०२४चा मार्च. ऑस्ट्रेलियातली शर्यत होळीच्याच दिवशी, रविवारी, आपल्या सकाळी साडेनऊला. दोन दिवस आधी सरावात आल्बनने गाडी भिंतीवर घातली. सांगाडा इतका मोडला की तिथे दुरुस्त होण्यासारखा नव्हता, आणि संघाकडे जादा सांगाडा नव्हता. उरली एकच गाडी, सार्जंटची. संघाच्या प्रमुखाने निर्णय घेतला. गाडी आल्बनला द्यायची, सार्जंटने बाहेर बसायचं. सार्जंटची त्यात काही चूक नव्हती, हे त्या प्रमुखानेच जाहीरपणे कबूल केलं. पण संघाला गुण हवे होते आणि ते आल्बन आणेल असा हिशेब होता.

मी पुरण वाटत होते. हात थांबला. ‘‘म्हणजे मोडणारा एक आणि ज्याची धड होती त्याचीच काढून घेतली?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तो काय म्हणाला?’’

‘‘काय म्हणणार? कारकिर्दीतला सगळ्यात कठीण प्रसंग आहे म्हणाला. आणि राहिला तिथेच, संघाबरोबर.’’

बायांनो, ताटावरून उठवणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. माझ्या माहेरी मॅट्रिकनंतर फी एकाचीच भरता येण्यासारखी होती. माझे गुण भावापेक्षा जास्त होते. पण त्याने पुढे कमवायचं होतं, मी नाही. वडिलांना वाईट वाटलं नसेल असं नाही. त्यांचाही हिशेबच होता. भाऊ कॉलेजात गेला आणि मी शिवणाच्या क्लासला. सगळे मला ‘समजूतदार’ म्हणाले. हे मी चाळीस वर्षांत कुणाला बोलले नव्हते, त्या दिवशी पुरण वाटता वाटता मुलाला बोलले. तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘आल्बन अकरावा आला, आई. एकही गुण नाही मिळाला.’’ आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्यात आनंद नव्हता, पण पुरणपोळ्या त्या दिवशी चांगल्या झाल्या.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

ऑगस्टमध्ये हॉलंडच्या शर्यतीआधी सरावात सार्जंटची गाडी ओल्या गवतावरून घसरून आपटली आणि पेटली. तो सुखरूप बाहेर आला. रविवारी शर्यतही पळाला, सोळावा आला. मंगळवारी, २७ ऑगस्टला, विल्यम्सने जाहीर केलं की पुढच्या शर्यतीपासून त्याच्या जागी दुसरा चालक. छत्तीस शर्यती झाल्या होत्या त्याच्या. त्या दिवशी आपल्याकडे दहीहंडी. चौकात ध्वनिवर्धक लागलेला, पोरं थरावर थर चढवत होती. आणि त्याच संध्याकाळी आमचा धाकटा पुण्याहून ट्रंक आणि पुस्तकांची दोन खोकी घेऊन दारात उभा राहिला. न कळवता. ‘‘आई, मी परीक्षा सोडली,’’ म्हणाला.

चार वर्षं. खोलीचं भाडं, क्लासची फी, मेसचे पैसे. माझ्या दोन बांगड्या. सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं, आणि पोटच्या पोराला पाण्याचा तांब्याही न देता मी उंबऱ्यातच विचारलं, ‘‘मग आता पुढे काय?’’

तो काही बोलला नाही. खोकी आत नेऊन ठेवली आणि हातपाय धुऊन माळ्यावरच्या खोलीत गेला. रात्री जेवायलाही उशिराच उतरला. ज्याची गाडी काढून घेतली त्या परक्या पोरासाठी माझा हात पुरणावर थांबला होता, आणि स्वतःच्या लेकराला मी बसही म्हटलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण सकाळी उठून हे त्याला बोलून दाखवायचं धाडसही झालं नाही.

मग सगळ्यांचे प्रश्न सुरू झाले. ‘‘मुलगा घरीच असतो वाटतं?’’ मी म्हणायची, ‘‘हो, जरा सुट्टीवर आलाय.’’ सुट्टी सहा महिने चालली.

डिसेंबर-जानेवारीत धाकट्याने बातमी दिली की सार्जंटला पुन्हा गाडी मिळाली, पण वेगळ्या प्रकारची. स्पोर्ट्स कार. मी विचारलं, म्हणजे खालचा वर्ग का? तर म्हणाला, ‘‘खालचा नाही गं, निराळा.’’ आणि त्याने मला समजावून सांगितलं, ते मला इतकं आवडलं की तुम्हालाही सांगते.

या गाड्या लांब पल्ल्याच्या. शर्यत चार तासांची, सहा तासांची, आणि सगळ्यात मानाची फ्रान्समधल्या ल मान्सची, अख्खे चोवीस तास. १९२३पासून चालत आलेली. एवढा वेळ एक माणूस चालवू शकत नाही, म्हणून एका गाडीला तीन चालक. सहा तासांत कुणी चार तासांपेक्षा जास्त बसायचं नाही आणि चोवीस तासांत एकाने चौदा तासांच्या वर चालवायचं नाही, असा ल मान्सचा नियमच आहे. गाडी थांबली की आतला झटकन बाहेर येतो, बाहेरचा आत शिरतो, आणि उतरलेला माणूस पळून न जाता वाकून त्याचे पट्टे आवळून देतो. बैठकही सगळ्यांना चालेल अशी. ज्याला मोठी होते तो आपल्या मापाची गादी आत सरकवतो. ब्रेक हलका की जड, गाडी वळणावर कशी वळावी, हेही तिघांनी मिळून ठरवायचं. तीनपैकी प्रत्येकाला थोडं कमी आवडणारं, पण तिघांना चालणारं. चार माणसांच्या घरात आमटीत तिखट घालताना आपण हेच तर करतो!

आणि एकाने गाडी आपटली तर? तिघांची गेली. एकाने जिंकली तर? तिघं एकाच पायरीवर उभे.

धाकट्याने ब्रेंडन हार्टली या न्यूझीलंडच्या चालकाची गोष्टही सांगितली. त्याला २०१०मध्ये कोवळ्या वयात एका मोठ्या कंपनीच्या फॉर्म्युला वनच्या शिकाऊ तुकडीतून काढून टाकलं होतं. तो स्पोर्ट्स कारकडे वळला आणि २०१७, २०२० आणि २०२२ अशी तीन वेळा ल मान्स जिंकला. म्हणजे हा रस्ता काही हरलेल्यांच्या अडगळीचा नाही.

सार्जंटच्या नव्या गाडीतल्या जोडीदारांत एक मुलगी होती, जेमी चॅडविक. इंग्लंडची. फक्त बायकांसाठी असलेली डब्ल्यू सिरीज तिने तीनदा जिंकलेली, आणि त्याआधी आपल्या चेन्नईला येऊन २०१९ साली एमआरएफ चॅलेंज जिंकणारी पहिली बाई. मला फारच आनंद झाला. म्हटलं, चला, पोराचं भलं झालं.

आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्याने तीही गाडी सोडली. सध्या शर्यतीत उतरणार नाही, म्हणाला.

मी चिडले. खरंच चिडले. ‘‘ही काय थट्टा आहे? समोर वाढलेलं ताट, आणि हा उठून गेला!’’

धाकटा बूट पुसत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘थांबायचं असेल त्याला थोडं. लहानपणापासून पळतोय.’’

इतकंच. पण माझ्या जिभेवरचं पुढचं वाक्य आत गेलं. सार्जंटने का सोडलं ते त्याचं त्याला ठाऊक. पण माझ्यासमोर बसलेला मुलगा कुणाबद्दल बोलत होता, ते मला कळलं. सहा महिने मी त्याला ‘सुट्टीवर’ म्हणत होते, पण सुट्टी एक दिवससुद्धा दिली नव्हती. रोज चहाबरोबर एक जाहिरात कापून ठेवायची, रोज कुणाच्या तरी मुलाची नोकरी सांगायची. मी त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि म्हटलं, ‘‘त्या दिवशी मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही रे.’’

‘‘कधी?’’ म्हणाला. पण त्याला आठवत होतं. डोळ्यांवरून कळतं आईला.

त्यानंतर मी जाहिराती कापायच्या बंद केल्या. सोपं नव्हतं ते. ह्यांनाही बजावून ठेवलं. एप्रिलमध्ये जेमी आणि तिच्या जोडीदारांनी बार्सिलोनाची शर्यत जिंकली. सार्जंटच्या जागेवर तेव्हा दुसरा चालक होता. मला चुटपुट लागली, धाकट्याला लागली नाही. तो म्हणाला, ‘‘शर्यती काय, पुढेही असतात.’’

जूनमध्ये त्याने आणि परीक्षेतल्याच दोन मित्रांनी मिळून गावात अभ्यासिका सुरू केली. जुन्या तेलघाण्याची जागा, पंचेचाळीस खुर्च्या, पंखे, पिण्याचं पाणी. चोवीस तास उघडी. पहाटे एक जण, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. मोठं काही उत्पन्न नाही. कुणाचा विषय कच्चा असेल तर हा बसून शिकवतो. चार वर्षांचा अभ्यास वाया गेला असं मी म्हणायची, तो तिथे रोज कुणाच्या तरी उपयोगी पडतो.

आणि सार्जंट? २०२५ संपायच्या आत तो पुन्हा गाडीत बसला. अमेरिकेतच, लांब पल्ल्याच्या शर्यतीत. तिकडे त्या वर्गात नियम असा की चालकांपैकी एक जण हौशी असलाच पाहिजे, म्हणजे व्यवसाय दुसरा आणि शर्यत आवडीखातर. जगातल्या वीस जणांत बसून आलेला हा मुलगा, त्याने हौशी माणसाने आणलेली गाडी जशी असेल तशी हातात घ्यायची आणि पुढे न्यायची. पुढे २०२७ला फोर्ड कंपनी ल मान्सच्या सर्वांत वरच्या वर्गात नवी गाडी उतरवणार आहे, तिच्यासाठी निवडलेल्या चालकांत त्याचं नाव आलं. तो तिथे जिंकेल की नाही, मला ठाऊक नाही. न जिंकला तरी माझं त्याच्याबद्दलचं मत आता बदलायचं नाही.

मैत्रिणींनो, मुलांना आपण जिना चढायला शिकवतो. एकट्याची बैठक मिळव म्हणतो, वीसांतली एक. त्यात वाईट काही नाही. पण जिना उतरून आलेल्याला दारात काय म्हणावं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. मला ते उशिरा कळलं, एवढंच सांगायचं होतं. आधी पाणी द्यावं. पुढचं नंतर.

काल रात्री दहाला डबा घेऊन मी अभ्यासिकेत गेले होते. धाकट्याची पाळी संपली होती, मित्र आला होता. धाकट्याने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, कुठला पंखा आवाज करतो, कोण उद्या पैसे देणार आहे, ते सांगितलं, आणि जाता जाता त्याच्या खुर्चीमागे उशी नीट लावून दिली. मित्राची पाठ दुखते म्हणे.

मी डबा उघडला. पोळ्या तिघांच्या होत्या.